बालाघाटापासून पाराना नदीपर्यंत



दसरा-दिवाळीच्या दिवसांत सकाळी एकदा अंबाजोगाईच्या मोंढ्यात जाऊन पाहा. बालाघाटाच्या डोंगराळ गावांतून सोयाबीनची पोती घेऊन शेतकरी तेथे आलेले असतात. खरेदीदार पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो, तळहातावर पसरून पाहतो, एखादा दाणा दाताखाली चावून त्याचा ओलावा अजमावतो. मग भाव पुकारला जातो. मापाडी वजन करतो, हमाल पोती उचलतात, आणि आडत्याच्या दुकानातून शेतकऱ्याच्या हाती हिशेबाची पट्टी पडते.

घरी जाताना तोच शेतकरी किराणा दुकानात थांबतो आणि सोयाबीन तेलाची एक पिशवी विकत घेतो. विकलेला माल सोयाबीन, घेतलेला मालही सोयाबीनचाच. पण एक गमत आहे. त्याने विकलेले सोयाबीन बालाघाटाचे असते. पिशवीतले तेल मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या, अर्जेंटिना किंवा ब्राझील या देशांच्या शेतांतून आलेले असू शकते!

इतक्या दूरच्या देशांशी आपले नाते कसे जुळते? ते कोण जुळवते? त्यातून लाभ कोणाचा होतो, आणि झळ कोणाला लागते? या पाठात आपण हेच समजून घेणार आहोत.

प्रथम नकाशा उघडा. दक्षिण अमेरिका खंडाच्या दक्षिण भागात अर्जेंटिना हा देश दिसेल. त्या देशातून पाराना नावाची मोठी नदी वाहते. नदीच्या काठी रोझारिओ हे शहर आहे. या शहराच्या परिसरात सोयाबीनपासून तेल काढण्याचे प्रचंड कारखाने उभे आहेत. समुद्रातील मोठी जहाजे नदीतून थेट या कारखान्यांपर्यंत येतात. तेल भरून घेतात, अटलांटिक महासागर ओलांडतात, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालतात आणि हिंदी महासागरातून भारताच्या बंदरांत पोचतात. या प्रवासाला कित्येक आठवडे लागतात.

अंबाजोगाईत संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा अर्जेंटिनात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. आपल्याकडे उन्हाळा, तेव्हा तिकडे हिवाळा. आपले सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते. तिकडचे मार्च ते मे या काळात. म्हणजे आपला हंगाम संपत आला, की त्यांचा सुरू होतो.

तुम्ही विचाराल, ‘आपल्याच तालुक्यात सोयाबीन पिकत असताना इतक्या दुरून तेल कशाला आणायचे?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असे, की भारतात माणसे फार आहेत आणि तेलबिया कमी पडतात. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. बाहेरून माल आणणे याला मराठीत ‘आयात’ आणि बाहेर पाठवणे याला ‘निर्यात’ म्हणतात. उर्दूत तुम्ही ‘दरआमद’ आणि ‘बरआमद’ म्हणता. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येते, सूर्यफुलाचे तेल रशिया, युक्रेन वगैरे देशांतून, तर सोयाबीनचे तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझील येथून.

अर्जेंटिनाची स्थिती याच्या उलट आहे. तेथील पंपास नावाची गवताळ मैदाने सपाट आणि सुपीक आहेत. आपल्याकडे एका हेक्टरात सरासरी सुमारे १ टन सोयाबीन होते. तेथे अडीच ते तीन टन होते. शिवाय त्या देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आतच आहे. एवढे तेल ते स्वतः खाऊ शकत नाहीत. एकाकडे गरज आहे आणि दुसऱ्याकडे शिल्लक आहे. व्यापार येथूनच सुरू होतो.

परंतु गरज आणि शिल्लक एवढ्यावर व्यापार चालत नाही. मोंढ्यात शेतकरी, आडत्या आणि खरेदीदार एकमेकांना ओळखतात. काही वाद झाला तर समोरासमोर बसून मिटवतात. रोझारिओचा विकणारा आणि मुंबईचा घेणारा मात्र कदाचित आयुष्यात एकदाही भेटणार नाहीत. मग ‘मी आधी पैसे देऊ, की तू आधी माल देशील?’ हा पेच कसा सुटतो?

तो बँका सोडवतात. घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याला लेखी हमी देते, की ठरलेला माल जहाजात चढल्याची पावती आणि तपासणीचे कागद दाखवा, पैसे आम्ही देऊ. आपल्याकडचे जुने सावकार आणि व्यापारी हुंडी लिहून देत. एका गावी लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावी वटत असे. बँकेची हमी हे त्याच विश्वासाचे आजचे रूप आहे. तेलाचे नमुने तपासले जातात, वजन दोन्ही बंदरांत होते. मोंढ्यातील परखी आणि काटा येथेही आहेत. फक्त त्यांचा आकार मोठा आहे.

बँकेच्या हमीमागेही आणखी एक मोठी हमी लागते. ती म्हणजे दोन सरकारांमधील स्नेह. हा स्नेह सांभाळण्यासाठी प्रत्येक देश दुसऱ्या देशात आपला राजदूत नेमतो. उर्दूत त्याला ‘सफीर’ म्हणतात. त्याच्या कचेरीला दूतावास म्हणतात. आपल्या इतिहासात हे काम करणाऱ्याला ‘वकील’ म्हणत. गोविंदराव काळे हे हैदराबादला निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील होते. आज वकील म्हटले की आपल्याला काळा कोट आणि न्यायालय आठवते. पण त्या काळी वकील दोन राज्यांमध्ये बोलणी करीत असे.

अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्स येथे भारताची व्यापारी कचेरी १९४३ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र होण्यापूर्वीच उघडली गेली होती. १९४९ साली तिचे रूपांतर दूतावासात झाले. म्हणजे आधी व्यापार गेला आणि मागून राजदूत गेला! आज अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन्ही देशांच्या कचेऱ्या मुंबईतही आहेत.

आता ‘आयात शुल्क’ म्हणजे काय, ते पाहू. यासाठी आपल्याच गावाच्या इतिहासात डोकावू या. १९४८ पूर्वी अंबाजोगाई निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेव्हा त्याला ‘मोमिनाबाद’ म्हणत. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे नाव तुम्ही ऐकले असेल. बार्शी मात्र इंग्रजांच्या मुलखात होती. त्यामुळे मोमिनाबादचा माल बार्शीच्या बाजारात न्यायचा म्हणजे एक सरहद्द ओलांडावी लागे. तेथे नाका असे आणि मालावर कर द्यावा लागे. या कराच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. नाणेही वेगळे होते. संस्थानात ‘हाली’ रुपया चाले, तर पलीकडे ‘कलदार’. शंभर कलदार रुपयांसाठी सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. शेजारच्या बार्शीशी व्यापार करतानाही कर, नाका, नाणे असे सारे आड येत असे. मग खंडाखंडांमधील व्यापारात ते येणारच.

देशात येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते, तेच आयात शुल्क. हा कर दोन कारणांसाठी असतो. एक, सरकारी तिजोरीत भर पडावी. आणि दुसरे, बाहेरच्या स्वस्त मालापुढे आपला शेतकरी किंवा कारागीर कोलमडू नये. दोन देशांना एकमेकांशी व्यापार वाढवायचा असेल, तर ते बसून ठरवतात, ‘तुमच्या अमुक वस्तूंवरचा कर आम्ही कमी करतो, आमच्या अमुक वस्तूंवरचा तुम्ही करा.’ हाच व्यापारी करार.

अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे या चार देशांनी १९९१ साली ‘मेर्कोसुर’ नावाचा व्यापारी संघ स्थापन केला. या संघाशी भारताचा करार २५ जानेवारी २००४ रोजी नवी दिल्लीत झाला. दुसऱ्याच दिवशी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला हे प्रमुख पाहुणे होते. भारताने ४५० वस्तूंवर आणि मेर्कोसुरने ४५२ वस्तूंवर करात सूट देण्याचे मान्य केले. मात्र प्रत्येक देशाच्या संमतीला वेळ लागला आणि करार अमलात आला १ जून २००९ रोजी. म्हणजे सह्या झाल्यापासून पाच वर्षांहून अधिक काळ गेला. दूरची मैत्री अशी सावकाश पक्की होते.

या व्यापारात आपण फक्त घेणारे नाही. आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा मोठा कारखाना आहे. बजाजच्या मोटारसायकली कोलंबिया, मेक्सिको अशा देशांच्या रस्त्यांवर धावतात. भारतात तयार झालेली औषधेही दक्षिण अमेरिकेत जातात. जानेवारी २०२४ मध्ये एका भारतीय सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियम शोधण्यासाठी करार केला. लिथियम हा हलका धातू मोबाइलच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत लागतो. तेलापासून सुरू झालेली ओळख आता अशी बॅटरीपर्यंत पोचली आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. दूरच्या देशांशी जोडले गेलो, की त्यांची संकटेही आपल्या घरात येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात मोठे युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल तेलाची जहाजे अडकली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात साडेतीन आठवडे बंद ठेवली. तेल भडकले. तोफा डागल्या गेल्या काळ्या समुद्राकाठी, आणि भज्यांचा घाणा कमी झाला आपल्या स्वयंपाकघरात! एकाच देशावर सगळी भिस्त ठेवू नये, हा धडा त्या वर्षी साऱ्यांना मिळाला.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले. बाहेरचे तेल महाग झाले, तर येथील सोयाबीनला भाव मिळेल, असा त्यामागे विचार होता. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तरीही महाराष्ट्रातील अनेक बाजारांत सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. इकडे किराणा दुकानात तेलाची पिशवी मात्र महागली. पुढे ३० मे २०२५ रोजी सरकारने तेच शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. या वेळी खाणाऱ्याला दिलासा द्यायचा होता. पण पेरणी तोंडावर आली असताना शेतकऱ्याच्या मनात धास्ती निर्माण झाली.

विचार करा, यात चूक कोणाची? स्वस्त तेल मागणाऱ्या आईची? की घामाला दाम मागणाऱ्या शेतकऱ्याची? दोघांचेही म्हणणे रास्त आहे. कधी कधी तर ही दोन माणसे एकाच घरातली असतात. अब्बा मोंढ्यात सोयाबीन विकतात आणि अम्मी त्याच पैशांतून तेल आणते. म्हणून शुल्क ठरवणे हे काट्याने तोलण्यासारखे काम आहे. एका पारड्यात शेतकरी, दुसऱ्यात ग्राहक. आणि काट्याच्या दांडीवर दूरच्या मित्रदेशाला दिलेला शब्द! शुल्क फार वाढवले तर तो नाराज होतो, आणि फार कमी केले तर आपला शेतकरी खचतो.

यावर उपाय काय? व्यापार तोडणे हा उपाय नव्हे. कारण आपली गरज मोठी आहे. उपाय दोन आहेत. एक म्हणजे आपले उत्पादन वाढवणे. चांगले बियाणे, वेळेवर पाणी आणि रोगाची वेळीच ओळख यांनी हेक्टरी १ टनाचे दीड टन झाले, तर बाहेरच्या तेलाची गरज काही प्रमाणात कमी होईल. दुसरा म्हणजे करार करताना केवळ मालाची नव्हे, तर ज्ञानाचीही मागणी करणे. दूरचा देश आपल्याला तेल विकतो हे ठीक. पण आपल्या शेतीच्या पद्धती, साठवणीची तंत्रे आणि संशोधनही त्याने वाटून घेतले, तर ती खरी भागीदारी होईल.

ज्ञान आणि बियाणे यांची अशी देवाणघेवाण नवी नाही. आपल्या बीड जिल्ह्याचे सीताफळ प्रसिद्ध आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ‘बीडचे सीताफळ’ या नावावर या मातीचा हक्क मान्य झाला. पण सीताफळाचे मूळ घर कोणते? अमेरिका खंडाचा उष्ण भाग! मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, पेरू, पपई, काजू, अननस हे सारे त्याच खंडांतून आले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांनी यांतील बऱ्याच वस्तू आपल्या किनाऱ्यावर उतरवल्या.

वस्तूंबरोबर शब्दही आले. ‘अननस’, ‘काजू’, ‘पपई’ आणि ‘बटाटा’ या शब्दांची मुळे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांत आहेत. उर्दूतही तुम्ही अनन्नास, काजू आणि पपीता म्हणता. आपण रोज जेवताना अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या चार शब्दांचा उच्चार करतो आणि आपल्याला त्याची कल्पनाही नसते! त्या काळी कोणताही समान करार नव्हता. तलवार ज्याच्या हाती, त्याच्या अटी चालत. आज सह्या करणारे देश बरोबरीच्या नात्याने समोरासमोर बसतात, हा मोठा फरक आहे.

आता मोंढ्यातील शब्द आठवा. माल, वजन, किंमत, नफा, रक्कम, हिशेब, दलाल, बाजार. हे शब्द मराठीचे की उर्दूचे? दोन्ही भाषांनी ते अरबी आणि फारसीतून घेतले आहेत. म्हणून मराठी शिकताना तुम्हाला मोंढ्याची भाषा लवकर समजते. समुद्रापलीकडून आलेल्या या शब्दांनी दोन भाषांना जवळ आणले आहे.

अशा शब्दांपैकी एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो म्हणजे ‘करार’. मराठीत करार म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट. उर्दूत ‘करार’ म्हणजे मनाची शांतीसुद्धा. ज्याला चैन पडत नाही, तो बेकरार. दूरच्या देशांमधील भागीदारीची कसोटी या एका शब्दात सापडते. सह्या दिल्लीत होवोत किंवा ब्यूनस आयर्समध्ये. पाराना नदीकाठच्या शेतकऱ्याला आणि बालाघाटावरच्या शेतकऱ्याला, दोघांनाही ज्यातून करार लाभतो, तोच खरा करार.

पुढच्या वेळी घरात तेलाची पिशवी आली, की तिच्यावरचा मजकूर वाचा. मग नकाशा उघडा, आणि अंबाजोगाईपासून तेलाच्या देशापर्यंत बोटाने एक रेघ काढा. त्या रेघेवर किती माणसांचे श्रम आहेत, ते मोजून पाहा.

स्वाध्याय

१. अर्जेंटिना आणि भारत यांच्या सोयाबीनच्या हंगामात कोणता फरक आहे?

२. ‘करोडगिरी’ म्हणजे काय? आजच्या कोणत्या कराशी तिची तुलना करता येईल?

३. आयात शुल्क वाढवल्याने आणि कमी केल्याने कोणाला कोणता लाभ आणि कोणती अडचण होते? तुमच्या शब्दांत लिहा.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे बाजारातील दहा शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ‘आमच्या गावचा जुना बाजार’ या विषयावर दहा ओळी लिहा.